प्राथमिक शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांस
(टेंभी नाका, ठाणे येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



बारावीचा निकाल लागला की पालक विचारू लागतात, "मुलीला प्राथमिक शिक्षिका करावयाची, विद्यापीठाकडे अर्ज केव्हा करावा?" हा प्रश्नच आधी दुरुस्त केला पाहिजे. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी आपल्या राज्यातील रूढ मार्ग विद्यापीठातून जात नाही. तो अध्यापक विद्यालयातील दोन वर्षांच्या पदविकेतून जातो. पूर्वी तिला डी.एड. म्हणत, आता डी.एल.एड. म्हणतात. प्रवेशाचे काम पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद पाहते. चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही मोजक्या संस्थांत निघाला आहे, पण त्यास निराळी राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

आमचे म्हणणे पालकांनी रागावू नये. 'पदविका' हा शब्द लग्नाच्या टिपणात धाकटा दिसतो, म्हणून पुष्कळ घरांतून मुलीस बी.एड.कडे वळविण्यात येते. तीन वर्षे पदवीची, दोन बी.एड.ची, अशी पाच वर्षे जातात. २०१८ साली बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीचे दार उघडण्यात आले होते. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केले. वरच्या वर्गांना शिकवावयाचे असेल तर बी.एड. अवश्य करावे. परंतु ज्या मुलीचा जीव लहान मुलांत रमतो, तिचे पैसे आणि वर्षे खर्ची पडल्यावर हा निकाल तिच्या कानी येऊ नये.

प्राथमिक शिक्षक हलका समजण्याची खोड जुनीच आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, असे मागितले होते.

आम्ही मॅट्रिकच्या शिदोरीवर या पेशात शिरलो. आता पदविकेनंतर शिक्षक पात्रता परीक्षा आहे. राज्यात ती २०१३ पासून होते; १५० गुणांपैकी खुल्या वर्गास ९० हवेत. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या नोकरीतील शिक्षकांनाही ती बंधनकारक झाली आहे. कोणी मध्यस्थ गुण वाढवून देतो म्हणाला, तर त्यास उंबऱ्याबाहेरच ठेवावे. २०१९-२० च्या परीक्षेतील गैरप्रकारात सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली.

त्यापुढे भरतीसाठी अभियोग्यता चाचणी. पहिली २०१७ साली झाली, दुसरी थेट २०२३ साली. मधल्या वर्षांत तयार शिक्षक घरी बसून होते, हे पालकांपासून लपवून उपयोग नाही. त्या काळात शिकवण्या घेता येतात. पण घरचा आधार लागतो.

म्हणून मंडळापुढे आमची एक सूचना आहे. आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून केवळ पदविकेच्या शुल्कास मदत न देता, पात्रता परीक्षेचे शुल्क व पुस्तके यांसाठीही मदत द्यावी, आणि ती पदविका संपल्यानंतर तीन वर्षांपर्यंत मिळावी. हा ठराव आजच्या सभेने विचारात घ्यावा, अशी विनंती आहे.