झाडपाल्याचे औषध आणि पेशींची परीक्षा



झाडपाल्याने अपाय होत नाही, असे आपल्या कामठीत घरोघरी म्हणतात. पण गव्हातील प्युरोथायोनिन हे चिमुकले प्रथिन पाहा. १९४२ साली त्याचा जंतुनाशक गुण प्रसिद्ध झाला. पोळीतून ते निर्धोक. मात्र रक्तात टोचल्यास प्राण्यांना घातक ठरते. जंतूंचे आवरण फोडताना ते आपल्या पेशींनाही सोडत नाही.

म्हणून अशी प्रथिने आधी तांबड्या रक्तपेशींत मिसळून पाहतात. पेशी तळाला बसवल्यावर वरचे पाणी लाल दिसले, तर पेशी फुटल्या असे समजावे. पुढे प्रयोगशाळेत वाढवलेल्या इतर पेशींवर परीक्षा होते. अशा पेशी पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र संशोधकांना पुरवते.

पालकहो, तान्ह्या बाळाला कुणी सांगितलेला रस पाजण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. आणि मुलामुलींनो, जंतू मेले, पण पेशी जगल्या का, हे तपासणारे हात उद्या तुमचे असोत.