तळपाटावरचा कचरा काय सांगतो?

पावसाळ्यात आपल्या गगनबावड्यात आठ-आठ दिवस झड लागते. माशांना बाहेर पडता येत नाही, पेटीतलं खाणं संपतं, वसाहत दुबळी होते. आणि एक दिवस पेटी रिकामी! आपण म्हणतो, माशा उगाच गेल्या. पण सातेरी माशी सहसा उगाच जात नाही. तिच्या अडचणीच्या खुणा बऱ्याचदा तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर, आधीच पडलेल्या असतात.

उघडीप मिळाली की आठवड्यातून एकदा दोघींनी मिळून बघा. तोंडावर जाळी घ्या. एकीने कोठी हलकेच उचलायची, दुसरीने तळपाट काढून कचरा पांढऱ्या फडक्यावर झाडायचा. पोळी हलवावी लागत नाहीत, त्यामुळे पिल्लांना गारठा लागत नाही.

आता ओळख करून घेऊ. मेणाचा फिकट चुरा, परागाचे रंगीत गोळे, चार-दोन मेलेल्या माशा दिसल्या तर काळजी नको. मध्ये बारीक छिद्र असलेल्या छोट्या टोप्या दिसल्या, तर त्या नरांच्या घरांवरच्या. नुसता काळसर चुराही पडतो, कारण सातेरी जुनं पोळं स्वतःच कुरतडते.

पण चुऱ्यात काळ्या बारीक लेंड्या आणि पांढरं जाळं असेल, तर तो मेणकिडा. त्याची अळी पोळं पोखरत जाते. माशांनी झाकलेली नाहीत अशी रिकामी, जुनी पोळी काढून मेण वितळवून घ्या. माशा दाट बसतील एवढ्याच चौकटी ठेवा.

तांबूस, चपटा, मोहरीपेक्षाही लहान दाणा दिसला, तर तो व्हरोआ नावाचा कोळी-किडा असू शकतो. सातेरी माशी त्याला बरंचसं आवरते. म्हणून एक दिसला की लगेच औषध मारू नका, संख्या वाढते का ते बघा.

मेलेल्या अळ्या वारंवार पडत असतील आणि पोळ्यातली अळी पाण्याच्या पिशवीसारखी फुगलेली असेल, तर थायसॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाची शंका घ्या. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात या रोगाने सातेरीच्या असंख्य वसाहती गेल्या. याला औषध नाही. त्या पेटीच्या चौकटी दुसरीत घालू नका, हात-हत्यारं धुवा आणि महाबळेश्वरच्या मध संचालनालयाच्या माणसांना कळवा.

मुंग्यांची रांग असेल तर स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. खाणं कमी असेल तर साखर आणि पाणी सारखं घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवा. बाहेर सांडू देऊ नका, नाहीतर दुसऱ्या वसाहतीच्या माशा लुटायला येतात.

झाडलेला कचरा पेटीखाली टाकू नका. त्यातच मेणकिड्याच्या अळ्या वाढतात. तो जाळा किंवा खोल पुरा.

आपल्याच जिल्ह्यातलं पाटगाव आज मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. आपल्या गटाची पेटीही पावसाळ्यात टिकली, तर जांभूळ-हिरड्याच्या फुलोऱ्याला माशा घरच्याच असतील. गटाच्या वहीत एक पान काढा: तारीख, काय दिसलं, काय केलं. पुढच्या बैठकीत ते पान सगळ्यांनी मिळून वाचा.