दाम पूर्ण, मालकी मात्र नाही

(घोडबंदर रोड, ठाणे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या अभ्यासवर्गात महागाई, घरांचे हप्ते, खाजगी शाळांची फी हे विषय नेहमी येतात आणि ते आलेच पाहिजेत. त्यांच्या पंक्तीला व्हिडिओ गेमच्या किमतीचा विषय बसविल्याबद्दल दोघा-तिघा ज्येष्ठ साथींनी नापसंती दर्शविली आहे. पोरांच्या खेळण्याला एवढे महत्त्व कशाला, असे त्यांचे म्हणणे. माझे उत्तर इतकेच की, वस्तूची मालकी कोणाकडे राहते हा आपल्या विचाराचा मूळ प्रश्न आहे, आणि मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंतच्या या मनोऱ्यांत तो आज मुलांच्या खेळण्यातून शिरला आहे. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाईन जुगाराविषयी मी बोलणार नाही. तो प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदाही केला आहे. मी बोलणार आहे ते सरळ दाम मोजून घ्यावयाच्या खेळांविषयी.

प्रथम आकडे पाहू. २ फेब्रुवारी २०२१ रोजी सोनी कंपनीचे 'प्लेस्टेशन ५' हे यंत्र भारतात विक्रीस आले. कंपनीच्या स्वतःच्या मोठ्या खेळांची किंमत तेव्हा ४,९९९ रुपये होती. दुकानातून डबा आणला, त्यात चकती म्हणजे डिस्क आहे, तर छापील किंमत ४,९९९. आणि डबा नको, चकती नको, घरच्या इंटरनेटवरून खेळ यंत्रात उतरवून घेतो म्हटले, तरी कंपनीच्या डिजिटल दुकानात आकडा तोच, ४,९९९. वस्तुतः या दोन व्यवहारांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. डब्यातल्या खेळासाठी चकती छापावी लागते, डबा बनवावा लागतो, तो गोदामात ठेवावा लागतो, वितरक आणि दुकानदार यांना आपापले कमिशन द्यावे लागते, न खपलेला माल कोणाच्या तरी अंगावर पडतो. भिवंडीच्या गोदामांतून निघणारा माल रात्रंदिवस आपल्या याच रस्त्याने वसई-बोरिवलीकडे जात असतो. त्या गाड्यांची कोंडी आपण सारे रोज भोगतो, तेव्हा वाहतुकीला खर्च येतो हे येथे कोणाला समजावून सांगावयास नको. उतरवून घेतलेल्या खेळात यांपैकी जवळजवळ काहीच नाही. कंपनीला आपले संगणक चालवावे लागतात, हे खरे. पण शंभर-शंभर जीबीचा खेळ घरापर्यंत आणण्याची हमाली आता ग्राहकच करतो. इंटरनेटचे बिल त्याचे, वीज त्याची, खेळ साठविण्याची जागाही त्याच्या यंत्रातली.

मग वाचलेला खर्च गेला कोठे? तो खेळ रचणाऱ्या कामगाराच्या पगारात गेल्याचे दिसत नाही, ग्राहकाला सूट म्हणूनही मिळाला नाही. तो गेला दुकानाच्या मालकाकडे, आणि हे दुकान म्हणजे ठाणे स्टेशनाजवळचे एखाद्या मराठी वा सिंधी माणसाचे दुकान नव्हे. अशा डिजिटल दुकानांत विक्रीच्या रकमेतले सुमारे ३० टक्के कमिशन कापून घेण्याची रीत जगभर रूढ झाली आहे. डबा आणि डाउनलोड यांच्या खर्चात फरक असतो, हे कंपन्यांना ठाऊक नाही असेही नाही. २०२५ साली निन्टेन्डो कंपनीने 'मारिओ कार्ट वर्ल्ड' हा खेळ युरोपात आणला तेव्हा डब्याची किंमत जवळपास ९० युरो आणि डाउनलोडची जवळपास ८० युरो ठेवली. जेथे हिशेब द्यावासा वाटला तेथे दहा युरोंचा फरक दाखविता आला. आपल्याकडे तो दाखविला गेला नाही, कारण मागणारे कोणी नव्हते.

परंतु किमतीतला हा फरक प्रश्नाचा लहान भाग आहे. मोठा भाग असा की, समान दाम घेऊन ग्राहकाला मिळालेली वस्तू समान नाही.

आपल्यातल्या चाळिशीच्या पुढच्या साथींना नव्वदीच्या दशकातल्या खेळांच्या 'कॅसेटी' आठवत असतील. एका बिऱ्हाडात यंत्र असे आणि साऱ्या मजल्यावरची मुले तेथे जमत. एकाची कॅसेट दुसऱ्याकडे जाई. दुकानदार जुनी घेऊन वर थोडे पैसे लावले की दुसरी देई. एका प्रतीवर दहा मुले खेळत आणि त्यात कोणी चोरी करीत नसे. विकत घेतलेली वस्तू उसनी द्यावी, बदलावी, विकावी, हा मालकाचा हक्कच आहे. आपल्या ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभे आहे ते याच हक्कावर. संग्रहालयाने पुस्तक एकदा विकत घेतले की ते शंभर वाचकांना देण्यासाठी त्याला प्रकाशकाच्या दारात जावे लागत नाही. मध्यमवर्गीय आणि कामकरी घरांतली मुले जुन्या पाठ्यपुस्तकांवर शिकली, तीही याच हक्काच्या बळावर. गरिबाला बाजारात थोडीफार जागा मिळते ती बव्हंशी वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात.

उतरवून घेतलेल्या खेळाला हा बाजारच नाही. तो मित्राला देता येत नाही, विकता येत नाही. 'विकत घ्या' असे लिहिलेले बटण दाबून पैसे दिल्यावर जे हाती येते त्याला कराराच्या बारीक अक्षरांत 'परवाना' म्हटलेले असते. परवाना म्हणजे वापरू देण्याची परवानगी, आणि परवानगी देणाऱ्याला ती काढूनही घेता येते.

याच संदर्भात यंत्राच्या किमतीकडे पाहा. २०२१ मध्ये चकती चालणारे यंत्र ४९,९९० रुपयांना होते आणि चकतीची खाचच नसलेले यंत्र ३९,९९० रुपयांना. हप्त्यांनी गांजलेल्या बापाला दहा हजारांची बचत मोलाची वाटते आणि तो दुसरे यंत्र घेतो. त्यात त्याला कोणी दोष देऊ नये. पण त्या क्षणापासून त्या घरातील मूल एकाच दुकानाचे कायमचे गिऱ्हाईक झाले. समजा, वापरलेला डबा घेऊन किंवा खेळून झालेला डबा विकून एका खेळामागे दीड हजार रुपये वाचत असतील, तर सात खेळांत ती दहा हजारांची बचत फिटते. आठव्या खेळापासून स्वस्त यंत्र महाग पडू लागते. गिरणगावात वाण्याचे खाते असे, त्याची ज्यांना आठवण आहे त्यांना हे गणित नवे वाटणार नाही. पहिल्या महिन्याचे धान्य उधारीवर, आणि मग दुसऱ्या दुकानाची पायरी चढण्याची सोय नाही.

दुसरे दुकान उरू नये, याचीही तजवीज झालेली आहे. पूर्वी सोनीच्या यंत्रावरील संपूर्ण खेळ उतरवून घेण्याचे सांकेतिक क्रमांक इतर दुकानदारही विकत, आणि त्यामुळे निदान त्यांच्यात थोडी स्पर्धा राही. १ एप्रिल २०१९ पासून कंपनीने ही विक्री बंद केली. चढ्या किमतींची तक्रार करीत ब्रिटनमध्ये २०२२ साली ग्राहकांच्या वतीने कंपनीविरुद्ध मोठा सामूहिक दावा दाखल झाला, त्यातही आक्षेप हाच की, डिजिटल विक्रीचे दुकान एकच आणि त्याचे कमिशन ३० टक्के. आपल्या देशात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला प्ले स्टोअरवरील सक्तीच्या वसुली-पद्धतीबद्दल ९३६ कोटी ४४ लाख रुपये दंड केला. अपिलात मार्च २०२५ मध्ये तो २१६ कोटी ६९ लाखांवर आला, हे खरे. पण दुकानाचा मालक आणि रस्त्याचा मालक एकच असला की तो सर्वांकडून जकात घेतो, एवढे तरी सरकारी कागदावर आले.

आता दुसरी बाजू. ती न मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. संगणकावरील खेळांच्या बाबतीत डाउनलोडने भारतीय ग्राहकाचे भलेही केले आहे. 'स्टीम' नावाच्या दुकानाने नोव्हेंबर २०१५ मध्ये रुपयांत किमती लावावयास सुरुवात केली. अनेक खेळ येथील खिशाला परवडतील अशा दरात मिळू लागले आणि वर्षातून काही वेळा तेथे मोठी सूटही असते. लॅमिंग्टन रोडवर चोरीच्या प्रती धुंडाळणारा तरुण प्रामाणिक ग्राहक झाला, यात या किमतींचा वाटा आहे. जुन्नर वा जव्हारच्या मुलालाही मुंबईच्या मुलाच्या बरोबरीने त्याच दिवशी खेळ मिळतो, हीदेखील समतेचीच गोष्ट आहे. यंत्र फोडण्याचे आपले धोरण कधीच नव्हते. डबे परत आणा अशी मागणी घेऊन मी उभा नाही. शिवाय डब्याच्या मागे लागून हाती काय येईल, याचीही शाश्वती उरलेली नाही. युबिसॉफ्ट कंपनीने 'द क्रू' हा २०१४ सालचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला, तेव्हा ज्यांच्या कपाटात त्याचा डबा होता त्यांचाही खेळ संपला, कारण तो कंपनीच्या संगणकाशी जोडल्यावाचून चालतच नसे. निन्टेन्डोने २०२५ मध्ये नव्या यंत्राबरोबर काही खेळांचे असे डबे आणले की त्यातल्या कार्डात खेळ नाहीच, नुसती किल्ली आहे. खेळ उतरवूनच घ्यावयाचा. दुकानाच्या फळीवर डबा, आत पोकळी.

म्हणून हा झगडा कायद्याच्या अंगाने लढवावा लागेल, आणि कायद्यात आपल्याला टेकू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात निर्णय दिला की, बाजारात तयार मिळणारे सॉफ्टवेअर ही 'वस्तू' आहे आणि तिच्यावर राज्याला विक्रीकर घेता येतो. २०२१ साली परदेशी कंपन्यांना दिलेल्या रकमांवर प्राप्तिकर कापावा की नाही, असा वाद त्याच न्यायालयात आला. तेव्हा या धंद्यातील कंपन्यांचे म्हणणे होते की, ग्राहकाला केवळ प्रत विकली आहे, तो वस्तूच्या विक्रीचाच व्यवहार आहे, सबब ही रॉयल्टी नव्हे. न्यायालयाने ते मान्य केले. आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. कर चुकविण्याची वेळ आली की ती वस्तूची विक्री, आणि ग्राहकाने तीच वस्तू शेजाऱ्याला विकतो म्हटले की तो केवळ परवाना! हा दुटप्पीपणा एखाद्या सावकाराने केला असता तर आपण गावात सभा घेतली असती.

डब्यावर सर्व करांसह छापील कमाल किंमत असते. तिच्यापेक्षा एक रुपया अधिक घेतला तर वैधमापन खात्याकडे तक्रार करता येते, आणि तिच्या खाली घासाघीस करता येते. डाउनलोडवर छापील काही नाही; आज एक आकडा, उद्या दुसरा. मात्र २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत डिजिटल उत्पादने स्पष्टपणे समाविष्ट आहेत, आणि अवाजवी नफ्यासाठी किमतीत फेरफार करण्यास तेथे बंदी आहे. या तरतुदीचा खेळांच्या बाबतीत कोणी कस लावून पाहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा अमलात आणला की, ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' हा शब्द वापरता येणार नाही. भांडवलशाहीच्या माहेरघरात एवढी लाज राखली जाते. फ्रान्समध्ये एका ग्राहक संघटनेने डाउनलोड केलेला खेळ पुन्हा विकण्याचा हक्क मागितला. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात ती जिंकली, २०२२ मध्ये अपिलात हरली. हरली तरी प्रश्न न्यायालयात नेला गेला.

आपण याहून कमी कशाला मागावे? 'विकत घ्या' म्हणावयाचे तर पुढे विकण्याचा आणि उसने देण्याचा हक्क द्या. तो द्यावयाचा नसेल तर त्याला भाडे म्हणा आणि भाड्याचा दर लावा. आणि एकाच यंत्रावर एकाहून अधिक दुकानांना विक्रीची मुभा असावी, हे स्पर्धा आयोगापुढे मांडावे लागेल. यावर, हे श्रीमंतांच्या मुलांचे लाड आहेत, असे कोणी म्हणेल. आज खेळाच्या बाबतीत जे रूढ होत आहे, तेच पाठ्यपुस्तकाच्या, शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमधील सॉफ्टवेअरच्या आणि दवाखान्यातल्या यंत्राच्या बाबतीत येऊ घातले आहे. तेथे बोलावयास उभे राहावयाचे तर येथे अभ्यास केलेला बरा.

१९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांच्या हातात तेल-साखरेच्या भावांची माहिती होती. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली तीही घरोघरच्या याद्यांवरच चालली. आपल्याला अशाच याद्या हव्या आहेत. वाघबीळ, आनंदनगर, ओवळे येथील साथींनी आपापल्या संकुलांत जाऊन, ज्या घरांत असे यंत्र आहे तेथे तीन गोष्टी लिहून आणाव्यात : एकाच खेळाची त्याच दिवशीची डब्याची आणि डाउनलोडची किंमत, करारातील परवान्याचे कलम, आणि बंद पडलेल्या खेळांची नावे. मुले हे काम आनंदाने करतील. कलम शोधण्यात ती आपल्यापेक्षा तरबेज आहेत. दोन महिन्यांत पन्नास घरांची यादी जमली तर २०२० च्या नियमांखाली तक्रारीचा मसुदा तयार करता येईल. आपल्यातील दोन वकील साथींनी तो पाहून देण्याचे मान्य केले आहे.