क्लाउडवर फाइल जतन होत नाही तेव्हा



मार्चअखेरची घाई असते. घरपट्टी-पाणीपट्टीच्या मागणीचा तक्ता एक्सेलमध्ये पूर्ण होत आलेला असतो आणि वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवताना ‘फाइल सेव्ह झाली नाही’ असा संदेश पडद्यावर उमटतो. पुष्कळ कर्मचारी अशा वेळी गोंधळून फाइल बंद करतात. हे घातक होय. कारण न जतन झालेल्या नोंदी तोवर बहुधा केवळ उघड्या फाइलमध्येच असतात. फाइल तशीच उघडी ठेवून, ‘सेव्ह अ‍ॅज’ वापरून, ती निराळ्या नावाने क्लाउडशी न जोडलेल्या फोल्डरमध्ये प्रथम उतरवून घ्यावी. कारणाचा शोध मागाहून.

एक्सेल सहसा मूळ फाइलवर थेट लिहीत नाही. त्याच फोल्डरमध्ये ते एक तात्पुरती फाइल निर्माण करते, तीत सर्व मजकूर उतरवते आणि मग जुनी काढून नवीस तिचे नाव देते. नेमक्या त्या क्षणी क्लाउडशी मेळ घालणारा किंवा विषाणूरोधक प्रोग्राम फाइल धरून बसला असेल, तर ही अदलाबदल अडते. मेळ थोडा वेळ थांबवून पुन्हा जतन केल्यास बहुधा काम होते.

काही अडचणी मात्र कार्यालयीन सवयींतून येतात. तारखेतील तिरपी रेघ फाइलच्या नावात चालत नाही. तेथे जोडरेघ घालावी. जिल्हा, तालुका, योजना, वर्ष अशी फोल्डरात फोल्डर घालण्याची हौसही नडते. मार्ग व नाव मिळून २१८ अक्षरांपलीकडे गेले की एक्सेल नकार देते. संगणक काना, अनुस्वार व हलन्तही स्वतंत्र मोजतो. ‘ग्रामपंचायत’ हा सहा अक्षरी शब्द त्याच्या लेखी अकरा अक्षरांचा ठरतो! क्लाउडवरील जागा संपली असल्यासही फाइल वर चढत नाही, तेही पाहावे.

सर्वांत जपायचे ते दोन प्रतींना. एकाच तक्त्यात दोघांनी निरनिराळ्या संगणकांवर, जोडणी नसताना बदल केले, तर वनड्राइव्ह एका प्रतीच्या नावापुढे संगणकाचे नाव जोडून दोन्ही ठेवते. त्यांपैकी एक ‘जादा’ समजून पुसली जाते आणि कर भरलेला ग्रामस्थ थकबाकीदार दिसू लागतो. कोणतीही प्रत पुसण्यापूर्वी दोन्हींतील नोंदी पावतीपुस्तकाशी, क्रमांकवार, ताडून घ्याव्यात.