रोडबाइकची चाकं घेताना



रोडबाइक घेऊन वर्ष-दीड वर्ष झालं, निगडीहून लोणावळा आणि परत ही फेरी अंगवळणी पडली, की बहुतेक सायकलस्वारांच्या मनात एक विचार घोळू लागतो : आता चाकं बदलावीत. विचार चुकीचा नाही. मध्यम किमतीच्या सायकलीवर कंपन्या काटकसर करतात ती बहुधा चाकांतच. मूळ चाकांच्या जोडीचं वजन बऱ्याचदा दोन किलोच्या पुढे असतं, आणि बेअरिंग, स्पोक, टायर सगळंच बेताचं असतं. पण नोकरदार माणसाला, आयटीआयमधून नुकत्याच कामाला लागलेल्या पोराला पंधरा-वीस हजार रुपये काही किरकोळ रक्कम नाही. ते पैसे नेमके कशावर घालावेत, एवढंच मला आज बोलायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. बजेट कमी असेल, तर वजनाचा आकडा सगळ्यांत शेवटी बघा. चाक किती नीट बांधलेलं आहे आणि ते आपल्या गावात दुरुस्त होतं का, हे आधी बघा.

वजनाचा मोह कुठून येतो? घाटातून. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवतात, आणि तो घाट आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात बसलेला आहे. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटर उंची चढावी लागते. आता हिशेब करू. तुम्ही, सायकल, पाणी, पंप मिळून 80 किलो धरा. नवी चाकं जुन्यांपेक्षा 400 ग्रॅमनी हलकी आहेत. म्हणजे एकूण वजनात अर्धा टक्का घट. घाट चढायला तुम्हाला एक तास लागत असेल, तर वाचले 18 सेकंद. अर्धा लिटर पाण्याची बाटली खाली ठेवून निघालात, तर याहून जास्त वाचतील. चाकाचं वजन फिरतं असतं, म्हणून ते दुप्पट मोजावं, असं काही जण सांगतात. ते खरं आहे, पण फक्त वेग वाढवताना. घाटात एका लयीत चढताना तो फायदा मिळत नाही.

सपाटीवर ताशी 30 किलोमीटरला आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवेला सर्वांत जास्त अडवतं ते आपलं शरीर. उंच कडांच्या रिम तिथे थोडी मदत करतात, हे खरं. पण वडगाव-कामशेतच्या पट्ट्यात बाजूने वारा सुटला आणि शेजारून कंटेनर गेला, की पन्नास मिलिमीटर उंचीची पुढची रिम हँडल ओढायला लागते. नवख्या माणसाने ती जोखीम का घ्यावी?

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय संघ आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर धावले. त्यांच्या सायकलींची कार्बनची चाकं बघून कुणालाही हेवा वाटेल. मात्र अशा शर्यतीत प्रत्येक संघाच्या मागे गाडी असते, गाडीत तयार चाकं असतात, मेकॅनिक असतो. स्पोक तुटला की चाक काढलं, दुसरं बसवलं, स्वार पुढे निघाला. आपल्या मागे अशी गाडी नसते. पुण्याहून 200, 300, 400, 600 किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, निघतात. दोनशेला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस आणि सहाशेला चाळीस तास मिळतात, आणि दोन कंट्रोलच्या, म्हणजे तपासणीच्या थांब्यांच्या, मध्ये सोबतच्या मोटारीची मदत घेता येत नाही. रात्री दोन वाजता आडरानात स्पोक तुटला, तर तुमच्या चाकात किती स्पोक उरले आहेत यावर पुढचं सगळं ठरतं. वीस स्पोकांच्या चाकातला एक तुटला, तर रिम इतकी वाकडी होऊ शकते की ती फ्रेमला घासायला लागते. बत्तीस स्पोकांच्या चाकात शेजारचे दोन थोडे सैल करून, रिम-ब्रेकच्या सायकलीवर ब्रेक जरा उघडा ठेवून, बेताने घरी येता येतं.

चाक म्हणजे ताणलेल्या तारांचं बांधकाम. तुमचा भार आला की जमिनीलगतच्या स्पोकांचा ताण क्षणभर कमी होतो आणि चाक पुढे फिरलं की पुन्हा वाढतो. 700सी चाकाचा घेर साधारण 2.1 मीटर. म्हणजे किलोमीटरला पावणेपाचशे फेरे आणि शंभर किलोमीटरच्या फेरीत सत्तेचाळीस हजारांहून जास्त. तेवढ्या वेळा प्रत्येक स्पोक सैलावतो आणि ताणला जातो. चाकणच्या, भोसरीच्या शॉपवर ज्यांनी फटीगने तुटलेला पार्ट हातात घेऊन पाहिला आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. मुळात सैल असलेला स्पोक जास्त हलतो, म्हणून तो आधी तुटतो, आणि तुटतो तो हबच्या भोकाशी, जिथे त्याला वाक दिलेला असतो. यंत्रावर भराभर बांधलेल्या स्वस्त चाकांत ताण कमी आणि असमान असतो, असा अनुभव अनेकांना येतो. वर्षभरात पाठोपाठ दोन-तीन स्पोक जातात आणि दोष रस्त्याच्या खड्ड्यांना दिला जातो.

म्हणून दुकानात गेलात की चाक हातात घ्या आणि तीन गोष्टी तपासा. घाई करू नका.

पहिली, आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा. चाक सायकलीत बसवून फिरवायला सांगा. रिम-ब्रेक असेल तर ब्रेकच्या गुटक्यात आणि रिममध्ये जी फट दिसते तिच्यावर नजर ठेवा. डिस्कची सायकल असेल तर फोर्कला प्लास्टिकची केबल टाय बांधून तिचं टोक रिमजवळ आणा. डावी-उजवीकडे आणि वर-खाली, दोन्हीकडचा आउट अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवा. कारखान्यात आपण डायल लावून रन-आउट बघतो, इथे ती फट हाच आपला डायल.

दुसरी, ताण. स्पोक बोटाने छेडा आणि आवाज ऐका. पुढच्या रिम-ब्रेक चाकाचे सगळे स्पोक जवळजवळ एकाच सुरात वाजायला हवेत. मागच्या चाकात गिअरच्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात आणि डाव्या बाजूचे कमी, कारण कॅसेटला जागा देण्यासाठी हबची गिअरकडची कड आत सरकलेली असते. त्यामुळे दोन बाजूंची तुलना करायची नाही. एका बाजूचे सगळे स्पोक एकमेकांशी जुळतात का, ते ऐकायचं. मधेच एखादा ‘ठप्प’ वाजला तर ते चाक तसंच घरी आणू नका. आधी ताण सारखा करून घ्या.

तिसरी, बेअरिंग. अ‍ॅक्सल दोन बोटांत धरून अगदी हळू फिरवा. कुठेही खरखर लागता कामा नये, अडकता कामा नये. मग चाक सायकलीत असताना रिम धरून आडवी हलवा. खट्खट् जाणवली तर बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलाई, आहे.

बेअरिंगच्या बाबतीत चिंचवडकर फार नशीबवान आहेत. एसकेएफ इंडिया ही कंपनी 1961 साली असोसिएटेड बेअरिंग कंपनी या नावाने स्थापन झाली आणि तिचा चिंचवडचा कारखाना बेअरिंगच्या धंद्यात सगळ्यांच्या परिचयाचा आहे. या पट्ट्यात बेअरिंगचा नंबर वाचता येणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. सायकलच्या अनेक हबांत जे सीलबंद बेअरिंग असतं, ते उद्योगात वापरतात तेच असतं. उदाहरणार्थ 6902 : आतला व्यास 15 मिलिमीटर, बाहेरचा 28, जाडी 7. काही कंपन्या त्यालाच 61902 म्हणतात. नंबरामागे ‘2आरएस’ असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील आहे, आणि आपल्या पावसाळ्यात ते हवंच. हबमध्ये असं प्रमाणित बेअरिंग असेल, तर दोन पावसाळ्यांनी ते खराब झालं तरी नवीन मिळतं आणि चाक पुन्हा नव्यासारखं फिरतं. शिमानोच्या बऱ्याच हबांत अजूनही कप, कोन आणि छर्रे असतात. तेही उत्तम, पण पावसाळ्याच्या आधी आणि नंतर उघडून धुवावेत, ग्रीस भरावं. कोन खराब झाला तर बदलता येतो, कप खराब झाला तर बहुधा अख्खा हब जातो. म्हणून तिथे आळस करू नये.

मग कोणतं चाक घ्यावं? दोन सरळ वाटा आहेत. एक, शिमानो, फुलक्रम, मॅव्हिक अशा नामांकित कंपन्यांची सुरुवातीच्या श्रेणीतली अ‍ॅल्युमिनियमची तयार जोडी. अशा जोड्यांचं वजन साधारण अठराशे-एकोणीसशे ग्रॅम असतं. घेताना फक्त एक प्रश्न विचारा : याचा स्पोक तुटला तर इथे मिळेल का? कारण काही जोड्यांना त्या कंपनीचाच खास स्पोक लागतो.

दुसरी वाट मला जास्त पटते, ती म्हणजे हाताने बांधून घेतलेलं चाक. बरी अ‍ॅल्युमिनियमची रिम, प्रमाणित बेअरिंगचा हब, पुढे 28 आणि मागे 32 साधे वाकवाले डबल बटेड स्पोक, म्हणजे टोकांना 2 आणि मधे 1.8 मिलिमीटरचे, आणि पितळी निपल. पितळी निपल अ‍ॅल्युमिनियमच्या निपलपेक्षा किंचित जड असतं, पण सहसा गंजून अडकून बसत नाही. बांधणारा कारागीर ताण देऊन झाल्यावर स्पोकांच्या जोड्या मुठीत दाबून चाक बसवतो का, ते बघा. तो ते करत असेल तर त्याला काम कळतं. दोन-तीनशे किलोमीटर चालवल्यावर चाक परत त्याच्याकडे न्या आणि एकदा आउट काढून घ्या. नवं चाक थोडं बसतंच. आणि प्रत्येक लांबीचे दोन-दोन जादा स्पोक घेऊन ठेवा, मागच्या चाकात दोन बाजूंची लांबी वेगळी असते.

पैसे देण्याआधी सायकलीशी मेळ बघा. रिम-ब्रेकच्या सायकलीत मागचा हब 130 मिलिमीटरचा लागतो, थ्रू-अ‍ॅक्सल डिस्क सायकलीत सहसा 142. शिमानोची अकरा स्पीडची रोड कॅसेट जुन्या आठ-नऊ-दहा स्पीडच्या फ्रीहबवर, म्हणजे हबच्या कॅसेट बसवायच्या भागावर, सहसा बसत नाही, कारण अकरा स्पीडचा फ्रीहब 1.85 मिलिमीटरने लांब असतो. रिमची आतली रुंदी 17 ते 21 मिलिमीटर असावी, म्हणजे 25 किंवा 28चा टायर नीट बसतो. मात्र 28चा टायर फ्रेममध्ये मावतो का, ते आधी मोजा. दोन्ही बाजूंना चार मिलिमीटरची अ‍ॅलन की सहज जायला हवी.

तीन गोष्टींपासून लांब राहा. रिम-ब्रेकसाठीची स्वस्त, अनोळखी कार्बन चाकं घेऊ नका. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की रिम तापते, आणि हलक्या प्रतीच्या कार्बनचे थर सुटू शकतात. टायर धरणारा हूक कडेला नसलेली, म्हणजे हूकलेस, रिम कुणी देऊ केली, तर तिच्यात 72.5 पीएसआयपेक्षा जास्त हवा चालत नाही आणि तिला ठरावीकच टायर चालतात, हे लक्षात ठेवा. आणि जुनी रिम-ब्रेक चाकं घेताना रिमच्या कडेवरून बोट फिरवा. कड आत खोलगट लागली, झिजेची खूण पुसली गेली असेल किंवा निपलच्या भोकांभोवती तडे दिसले, तर ती रिम संपली. पावसात रस्त्याची वाळू ब्रेकच्या गुटक्यात अडकते आणि अ‍ॅल्युमिनियम खरवडून काढते. चाकण-तळेगाव रस्त्यावर रोज सायकल चालवणाऱ्याच्या रिमकडे एकदा बघा, म्हणजे कळेल.

आता शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं. नव्या चाकांवर पैसे घालण्याआधी आहे त्या चाकांचा आउट काढून घ्या, बेअरिंग साफ करून ग्रीस भरा आणि दोन चांगले टायर टाका. तारेच्या कडेचा जाड टायर आणि चांगला फोल्डिंग टायर यांत प्रत्येक चाकामागे पाच ते दहा वॅटचा फरक सहज पडू शकतो. 400 ग्रॅमनी हलकी चाकं तुम्हाला एवढं देत नाहीत. टायर 28चा असेल आणि तुमचं वजन सत्तरच्या आसपास असेल, तर हवाही सत्तर-पंच्याहत्तर पीएसआय पुरते. शंभर-एकशेवीस भरायची जुनी सवय सोडा. खड्ड्यांच्या रस्त्यावर दगडासारखं कडक चाक उसळत राहतं आणि वेग खातं. महिनाभर असं चालवा. बऱ्याच जणांना त्यानंतर नव्या चाकांची गरजच उरणार नाही. ज्यांना उरेल, त्यांना तोवर आपल्याला काय हवं आहे ते नेमकं कळलेलं असेल.

आणि एक विनंती. चाक बांधणाऱ्या, आउट काढणाऱ्या कारागिराच्या मजुरीत घासाघीस करू नका. एक चाक नीट बांधायला त्याचा तास-दीड तास जातो, आणि उतारावर तुमचा जीव त्याच्या त्या कामावर असतो. आपल्या भागात हे काम येणारी माणसं टिकली, तरच परवडणाऱ्या किमतीत चांगलं चाक आपल्याला मिळत राहील. त्यांना त्यांच्या कामाचं मोल द्या.