नाकाची सूज आणि परतीचं तिकीट



मंडळाच्या कार्यकारिणीनं विषय विचारला तेव्हा मी ‘नाक’ एवढंच कळवलं. लगेच फोन आला, ‘डॉक्टर, समोर लहान मुलंही असतील हं!’ असू द्या, असू द्या.

माझं गाव गिरड, वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं. गावाजवळच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. त्या टेकडीवर गोलसर खडे सापडतात. कुणा व्यापाऱ्यानं बाबांची थट्टा केली आणि त्याच्या मालाचे दगड झाले, अशी त्यांची आख्यायिका. बाबांनी म्हटलं आणि झालं! नागपूरला माझ्याकडे डिसेंबरात परदेशातून येणारे आपले लोक नाकाकडूनही अशीच अपेक्षा ठेवून येतात. सोमवारी ऑपरेशन, पुढल्या सोमवारी बहिणीची हळद, आणि लग्नाचा अल्बम नव्या नाकानिशी.

ऑपरेशन दोन-तीन तासांत आटोपतं. पुढचं सगळं काम सूज आपल्या वेळापत्रकानं करते. नाकावरची कातडी आम्ही खालच्या कूर्चेपासून आणि हाडापासून सोडवतो, तेव्हा तिच्यातल्या लसीकेच्या बारीक वाहिन्या तुटतात. पाणी वाहून नेणारी वाटच मोडली, की ते साचणार. हाडाला धक्का लावला असेल तर डोळ्यांखाली काळंनिळं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा सर्वांत वाईट दिसतो, आणि नेमकं तेव्हाच घरचे भेटायला येतात. आमच्या तालुक्यातल्या एका पोरीला तिच्या मावशीनं दारातूनच विचारलं होतं, ‘काय वं पोरी, नाकाले गांधीलमाशी डसली काय?’ पोरगी हसायला गेली तर वरचा ओठ हलेना. तोही काही दिवस ताठच असतो.

आठवड्याभरानं नाकावरचा साचा निघतो. डोळ्यांखालचे डाग दोन आठवड्यांत बहुधा जातात. महिन्याभरात लोकांना काही कळत नाही, पण ज्याचं नाक त्याला कळतं. सकाळी उठल्यावर ते जड आणि फुगलेलं, दुपारपर्यंत उतरलेलं. रात्रभर आडवं पडल्याचा तो परिणाम. म्हणून पहिले काही दिवस दोन उशा घेऊन उताणं झोपायला सांगतो. शेंड्याची सूज सगळ्यांत शेवटी जाते. आपल्यातल्या बऱ्याच जणांची शेंड्यावरची कातडी जाड आणि तेलकट असते, त्यामुळे आतला नवा आकार वर उमटायला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. तिसऱ्या महिन्यात आरशासमोर उभं राहून ‘डॉक्टर, शेंडा बोथटच राहिला, पुन्हा करा’ म्हणणाऱ्यांना मी परत पाठवतो. सुजेवर सुरी चालवायची नसते.

आता थोडं पुण्याकडे वळतो, कारण या वाट पाहण्याची जगातली एक फार जुनी छापील नोंद आपल्या मुलखातली आहे. कावसजी नावाचा, शेतकरी जातीतला मराठा गडी १७९२च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. नाव पारशी वाटेल, पण नोंद अशीच आहे. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नाक बसवलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४मध्ये ते सचित्र छापून आलं. तिकडच्या जोसेफ कार्प्यूनं १८१४मध्ये हीच पद्धत वापरली आणि १८१६मध्ये त्यावर पुस्तक काढलं.

मला त्या वृत्तान्तात सुरीपेक्षा नंतरची निगा जास्त आवडते. कातडी जागेवर धरायला टाका नाही. पाण्यात कालवलेला काथ लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक. चार दिवस त्याला हात लावायचा नाही, मग तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस उताणं झोपायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. डोळ्यांच्या मधे कातडीचा जो देठ ठेवलेला असतो, तो पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापायचा. तोवर नव्या नाकाला रक्त त्यातूनच पोचतं. ते नाक मुळातूनच नवं होतं, आजचं सौंदर्याचं ऑपरेशन त्यापेक्षा पुष्कळ साधं. पण वेळ कशाला द्यायचा हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. त्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही, याचा मला राग येतो. साहेबांची नावं आहेत!

परत तुमच्या तिकिटाकडे. साचा निघून डॉक्टरांनी तपासल्याशिवाय विमानात बसू नका. दोन आठवडे हाताशी ठेवा, तीन असले तर बरं. पहिले दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. हाडाचं काम झालं असेल तर चष्मा महिना-दीड महिना नाकावर टेकवायचा नाही. ॲस्पिरिन चालू असेल तर आधीच सांगा, आणि स्वतःच्या मनानं बंदही करू नका. हृदयासाठी दिलेली असते. उतरलेली सूज पुन्हा चढली, ताप आला, एक बाजू दुखून बंद झाली, तर ‘सूज आहे, जाईल’ म्हणून बसू नका. आतल्या पडद्यात रक्त किंवा पू साचला असेल तर कूर्चा विरघळते आणि नाक बसतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, मग ते नागपूरचे असोत की इथले.

आणि ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी ऑपरेशन आदल्या वर्षीच्या सुट्टीत उरका. चापाची नथ नाकपुडीवर किती ओढ देते, हे इथल्या बायकांना मी सांगायला नको.