काचेमागचा स्वभाव



आज एका पाळीव प्राण्याविषयी बोलणार आहे; पण तो कुत्रा नव्हे, मांजर नव्हे, पोपटही नव्हे. ॲक्झोलॉटल हे त्याचे नाव. मेक्सिको शहराच्या दक्षिणेस सोचिमिल्को येथे कालव्यांचे जाळे आहे. तेथल्या जुन्या सरोवराचा हा रहिवासी. वीतभर लांब, चार पायांचा, मानेशी पिसांसारखे कल्ले असलेला. बेडूकमाशाचा यथाकाल बेडूक होतो. हा मात्र पोरवयाच्या रूपातच वयात येतो आणि जन्मभर पाण्यात राहतो.

१८६४ साली पॅरिसला प्राध्यापक ड्युमेरिल यांच्या हाती सहा ॲक्झोलॉटल आले. पाच नर, एक मादी. पुढच्याच वर्षी पिले झाली, आणि त्यांतल्या काहींनी कल्ले टाकून जमिनीची वाट धरली. बाकीची पाण्यातच राहिली. एकाच घरची भावंडे, पण तऱ्हा दोन!

जर्मनीत शिकत असताना मी दोन पाळले होते. एकाचे नाव दुर्वास, दुसऱ्याचे कुंभकर्ण. गांडूळ पाण्यात सोडले की दुर्वास झडप घाली. कुंभकर्ण ते नाकाशी येईपर्यंत हलत नसे. याला नजरेपेक्षा वासाचा आणि पाण्याच्या हालचालीचा भरवसा अधिक. तोंड उघडले की पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. म्हणून तळाशी खडे ठेवायचे नाहीत, तेही गिळील. पापण्या नाहीत, तेव्हा दिव्याचा झोतही नको. लहानपणी दुर्वासाने भावाचा पंजा तोडला होता. तो काही आठवड्यांत बोटांसह पुन्हा उगवला. कुंभकर्णाने तक्रार केली नाही, पण त्या कोपऱ्याकडे फिरकणे मात्र सोडले.

आता कोणी म्हणेल, हे स्वभाव तुम्हीच चिकटवलेत. नावे मी चिकटवली, हे खरे. भेद त्यांचा होता. आणि तो ठाऊक असण्याचा उपयोग फार रोकडा आहे. या प्राण्याला सोळा ते अठरा अंशांचे गार पाणी मानवते. एका उन्हाळ्यात ते चोविसावर गेले. कुंभकर्ण स्वस्थ पडून होता, त्यात नवल नव्हते. पण दुर्वासही स्वस्थ! कल्ले पुढे वळलेले, शेपटीचे टोक मुडपलेले. दुर्वासाने गांडूळ नाकारले तेव्हाच मी पाणी हळूहळू गार करू लागलो, आणि तो वाचला. दोघांना एकच समजणारा माणूस दुसऱ्या दिवसाची वाट पाहत बसला असता.

प्रयोगशाळांत आणि घरोघरी हा प्राणी आज उदंड आहे. मूळ घरी मात्र, १९९८ साली एका चौरस किलोमीटरात सुमारे सहा हजार मोजले गेले, तेथे २०१४ साली पस्तीसच्या आसपास उरले. अन्न म्हणून आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे त्याची अंडी-पिले खातात. शहराचे सांडपाणी आहेच. काचेतल्या विपुलतेने ही तूट भरून निघत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हातचे खाल्लेल्याला बगळा ओळखता येईल काय, हा खरा प्रश्न.

तो तेथील संशोधकांनी प्रत्यक्ष विचारून पाहिला. पाळीव अवस्थेत वाढलेले अठरा ॲक्झोलॉटल त्यांनी मोकळ्या पाण्यात सोडले, प्रत्येकाबरोबर स्वतंत्र रेडिओयंत्र देऊन. २०२५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मागोवा चालू होता तोवर अठराही जगले, आणि जे पुन्हा हाती लागले त्यांचे वजन वाढलेले होते.